काचेपलीकडचे अकरा सेकंद

४ फेब्रुवारी

जपानीच्या विद्वान दुभाषी बाईंस,

हे पत्र भाऊ म्हणून लिहीत नाही, दुभाषी केंद्राचा वरिष्ठ माणूस म्हणून लिहितो आहे. माझी आधीची तीन पाकिटं न फोडता परत केलीस, तसं याचं करता येणार नाही. यावर केंद्राचा शिक्का आहे, आणि शिक्क्यापुढे तू आयुष्यभर मान तुकवत आली आहेस.

सोबत एका जपानी पत्राची झेरॉक्स आहे. दोन पानं, हाताने लिहिलेली, वरून खाली, भिंतीवरून मुंग्या उतराव्यात तशी. आठ महिन्यांपूर्वी तू हे शहर सोडलंस, तेव्हापासून केंद्रात असलं काही वाचणारं कोणी उरलेलं नाही. संचालक साहेबांनी कागद माझ्या टेबलावर टाकले आणि म्हणाले, "तुमच्या घरातलीच भाषा आहे. बघा काय म्हणतोय."

"आमच्या घरात ती एका खोलीत राहायची, साहेब," मी म्हटलं. "ती खोली रिकामी झाली."

साहेब हसले. माझ्या प्रत्येक वाक्याला हसतात. म्हणूनच त्यांच्याबद्दल मला काडीचा आदर नाही.

पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत होता, म्हणून पाठवणारा कळला. डब्यांची झाकणं कापणारं दाबयंत्र तपासायला आला होता, तोच म्हातारा इंजिनिअर. आपण कुठे राहतो हे परक्या टपालवाल्याला सांगायचं झालं की तुमच्या या लोकांनाही इंग्रजीच लागतं, एवढं ध्यानात ठेव.

भाषांतर माझ्या नावाने, घरच्या पत्त्यावर पाठव. केंद्राच्या नको. १७ मार्चला समिती बसणार आहे. तुझ्यावरची दुभाषाकामाची बंदी कायमची करायची की उठवायची, ते त्या दिवशी ठरेल. त्याआधी या कागदांत काय आहे ते मला कळायला हवं. का, ते विचारू नकोस. तू विचारत नसतेसच म्हणा.

आई बरी आहे. तुझ्याबद्दल विचारते. मी 'मजेत आहे' म्हणून सांगतो.

वरिष्ठ दुभाषी, इंग्रजी विभाग


१९ फेब्रुवारी

घुमे,

पंधरा दिवस झाले. दोन पानांना पंधरा दिवस! इंग्रजी पत्र असतं तर पोस्टमनला दारात उभा करून मी त्याच्याच हाती उत्तर दिलं असतं.

परवा माझं व्याख्यान झालं. सभागृह गच्च, मागे लोक उभे. विषय: 'सांगणारी भाषा आणि लपवणारी भाषा'. तू नव्हतीस, म्हणून थोडं ऐकवतो. मी म्हटलं, इंग्रजी माणूस तोंड उघडतो तेव्हा पहिल्या दोन शब्दांत कळतं, कोणी केलं आणि काय केलं. कर्ता पुढे, क्रियापद त्याला खेटून, बाकीचं लटांबर मागे. जबाबदारी वाक्याच्या दारातच उभी. आणि जपानी? ते लोक कर्ता घरी ठेवून येतात! कोणी केलं ते तुम्ही ओळखा! वाक्य जिने चढतं, गच्चीवर जातं, हवा खातं, आणि 'हो' की 'नाही' ते खाली उतरल्यावर शेवटच्या पायरीवर सांगतं. इंग्रजीत एकच 'यू' राजालाही पुरतो आणि शिपायालाही. जपानीत समोरच्याची पायरी मोजल्याशिवाय साधं 'बसा' म्हणता येत नाही. पेन्सिल मोजायची तर आकड्याला एक शेपूट, कागद मोजायचा तर दुसरं, यंत्र मोजायचं तर तिसरं. असली भाषा बोलणाऱ्याने खरं कधी सांगावं?

टाळ्या, घुमे. छप्पर उडेल अशा टाळ्या.

घरी आलो तर आई म्हणाली, "छान बोललास. पण 'मी जेवायला येणार नाही' यातलं 'नाही' आपणही शेवटीच म्हणतो की रे. ती म्हणायची तसं."

"ती कुठे मध्येच आली?"

"मध्ये नाही, शेवटी आली," आई म्हणाली, आणि आत गेली.

हा तुझाच संसर्ग. तुझं ते बोलणं मला पाठ आहे. "दादा, तू आईशी काय इंग्रजीत भांडतोस? आपलंही क्रियापद शेवटी. आपल्यातही तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या. आपणही 'मी' न म्हणता नुसतं 'येतो' म्हणून निघतो. तुझी इंग्रजी या घरात पाहुणी आहे, माझी जपानी शेजारीण." बावीस वर्षांची होतीस. मी खो खो हसलो होतो. त्यानंतर कुठल्याही व्याख्यानात मी तो मुद्दा काढलेला नाही, कारण त्याला उत्तर नव्हतं.

लोक त्या बैठकीबद्दल अजून विचारतात. मी सगळ्यांना एकच हकीकत सांगतो. टेबलाभोवती कंपनीचे तीन इंग्रजी बोलणारे मालक, म्हातारा इंजिनिअर, आणि कारखान्याचा व्यवस्थापक, ज्याने हौसेने इंग्रजीचाच हेडफोन लावला होता. आपण दोघं शेजारशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये. म्हातारा जपानीत बोलणार, तू ते आपल्या भाषेत आणणार, मी तुझं ऐकून इंग्रजीत नेणार. येतानाही हीच साखळी, उलट्या क्रमाने. मालकांनी विचारलं: हात आत गेला की यंत्र थांबवणारी जी जाळी आहे ती सारखी अडकते, नवा भाग यायला दोन आठवडे लागतील, तोवर जाळी काढून यंत्र चालवलं तर चालेल का?

टेपवर तुझ्या बाजूला पुढचे अकरा सेकंद कोरे आहेत. मालकांच्या टिपणात मात्र 'इंजिनिअरची हरकत नाही' अशी नोंद आहे. जाळी काढली. सहाव्या दिवशी यंत्रावरच्या बाईंची तीन बोटं गेली. चौकशीने म्हटलं, जपानीच्या दुभाषी बाईंनी उत्तर गाळलं. मी म्हटलं, मी जे ऐकलं ते सांगितलं.

इंग्रजी बाजूचं ध्वनिमुद्रण केंद्र ठेवत नाही, हे तुलाही माहीत आहे.

भाषांतर पाठव.

दादा


३ मार्च

घुमे,

आलं तुझं भाषांतर. सोबत एक ओळ नाही. 'दादा' नाही, 'आईला नमस्कार' नाही. त्यांच्या दोन पानांची आपली दोन पानं, समाससुद्धा त्याच मापाचा. तिरस्कार करायची ही कुठली सोवळी पद्धत? मला शिव्या घाल की! इंग्रजीत त्यासाठी छान, आखूड शब्द आहेत.

आणि काय ते पत्र! अर्धं पान हवेवर. 'थंडी ओसरली असली तरी सकाळी अजून बोचते. माझ्या कुंपणाजवळच्या झाडाला तीन फुलं आली आहेत.' तीन! एका बाईची बोटं तुटली आणि हा गृहस्थ फुलं मोजत बसलाय, असं मी मोठ्याने म्हटलं. मग लक्षात आलं, बोटंही तीनच होती. मी कागद खाली ठेवला. बऱ्याच वेळाने पुन्हा उचलला.

पुढचं तुला माहीत आहे, तूच लिहिलंस. तरी मी इथे उतरवून काढतो. माझ्या हाताने लिहिलं की मला एखादी गोष्ट नीट खोडता येते.

'त्या प्रश्नावर मी गप्प राहिलो. चालवू नका, हे तोंडावर म्हणण्याआधी मला शब्द नीट लावायचे होते. त्या लोकांना त्यांच्याच माणसांसमोर खाली पाहावं लागू नये, असं वाटत होतं. तेवढ्यात त्यांनी माझे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. मला वाटलं, माझ्या गप्प राहण्यातूनच त्यांना कळलं. म्हणून मी पुन्हा बोललो नाही. पस्तीस वर्षं मी यंत्रं तपासली आणि त्या दिवशी एक शब्द सांगायचा राहिला. चूक माझी आहे. दुभाषी बाईंना काढल्याचं मला आता समजलं. मी गप्प होतो म्हणून त्याही गप्प होत्या. माझं गप्प राहणं त्यांनी जसंच्या तसं पुढे दिलं. ते पुढे कुठे हरवलं, मला माहीत नाही.'

संपलं. खोडता आलं नाही.

ज्या भाषेत कर्ता सापडत नाही म्हणून मी तीनशे लोकांना हसवलं, त्या भाषेतला हा माणूस कोणी न विचारता 'चूक माझी' म्हणून मोकळा होतो. मूळ पानात 'मी' कुठे आहे, आहे तरी का, मला वाचता येत नाही. तुझ्या पानात 'मी' बरेच आहेत. मी मोजले.

आता तू म्हणशील... नाही, तू काहीच म्हणणार नाहीस, आणि माझा सगळा संताप तिथेच आहे. चौकशीत विचारलं तेव्हा एकच वाक्य बोललीस, "ते गप्प होते, म्हणून मी गप्प होते." आणि पुढे? मी समोरच्याच खुर्चीत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि थांबलीस. मी म्हटलं, हिला आणखी काही सांगायचं नाही.

केबिनमध्ये अकरा सेकंद म्हणजे काय, ठाऊक आहे तुला? तुझ्या कानात निदान म्हाताऱ्याचा श्वास तरी होता. माझ्या कानात तू होतीस, म्हणजे काहीच नाही. काचेपलीकडे तीन मालक वळून माझ्याकडे बघताहेत. एकाने हेडफोनवर बोट आपटलं, बंद पडला की काय म्हणून. वीस वर्षांत माझ्या तोंडून शब्द निघायचा थांबला असं कधी झालं नव्हतं. इंग्रजीचा दुभाषी गप्प बसला की लोकांना वाटतं, याला येत नाही. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने तेच केलं असतं. कोणीही!

तुझं भाषांतर कपाटात आहे, किल्ली माझ्या खिशात. साहेबांनी विचारलं, "काय लिहितो म्हातारा?"

"हवापाण्याचं आहे," मी म्हटलं.

साहेब हसले.

दादा


१० मार्च

घुमे,

बोटं गमावलेल्या त्या बाईंना भेटायला गेलो होतो. समितीपुढच्या भाषणाला काळजाला भिडेल असा एखादा प्रसंग हवा होता म्हणून गेलो, असं समज. तुला तेच समजायला आवडेल, आणि ते अर्धं खरंही आहे.

कारखान्याने त्यांना फाटकावर बसवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. डाव्या हाताने लिहितात. माझं नाव लिहायला इतका वेळ लागला की मी म्हटलं, "द्या इकडे, मी लिहितो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "काम माझं आहे."

मग नाव वाचून वर पाहिलं. "तुम्ही भाषणवाले ना? आमची मुलगी आली होती तुम्हाला ऐकायला. फार छान बोलतात म्हणाली."

"काय आवडलं तिला?"

"तेच मी विचारलं. आठवेना तिला."

घुमे, ही बाई तुझ्यापेक्षा घातक आहे.

मी विचारलं, "या सगळ्याचा दोष तुम्ही कोणाला देता?" त्या गप्प. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. हॉर्न वाजला, एक ट्रक फाटकाशी येऊन थांबला. चार, पाच. सहाव्याला मी बोललोच. मालक, नफा, यंत्रं, एका भाषेने दुसरीवर बसवलेली जरब, सगळं बोललो. त्यांनी ट्रकवाल्याचं नाव लिहून घेतलं, फाटक उघडलं, लावलं, परत येऊन बसल्या.

"बोला, बोला," म्हणाल्या. "तुमचं झालं की मी सांगते."

माझं झालं.

"ते जपानी आजोबा बैठकीच्या आदल्या दिवशी माझ्या यंत्रापाशी आले होते. जाळीला हात लावून बघितला. मग माझ्या हातांकडे बघितलं आणि अशी मान हलवली." त्यांनी मान डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवली. "मला कुठे जपानी येतं? पण कळलं. मग तुमच्या बैठकीतून 'चालेल' कसं आलं, तेवढंच कळलेलं नाही. तुमच्या बहीण दवाखान्यात आल्या होत्या, त्यांनाही विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, ते सांगणारा माणूस येईल." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच का ते?"

'उशीर होतोय' असं काहीतरी पुटपुटून मी निघालो. माझी जायची वेळ त्यांनी वहीत लिहिली. सावकाश, एकेक आकडा.

तू असं म्हणालीस? तेव्हा? म्हणजे आठ महिने तू गप्प बसली नव्हतीस. तू थांबली होतीस. सांगायचंस तरी! की तेही मीच ओळखायचं होतं?

मला तुझा राग येतो. मला तुझ्या त्या भाषेचा राग येतो. तुला हे वाचून हसू येत असेल, तर त्याचाही येतो.

दादा


१७ मार्च

धाकटे,

समिती झाली. आज मी तुझ्या पद्धतीने लिहिणार आहे, महत्त्वाचं अगदी शेवटी. सवय नाही, सांभाळून घे.

सात पानी भाषण घेऊन गेलो होतो. त्यात संवेदना होती, भाषांचा इतिहास होता, 'परिस्थितीने घडवलेली दुर्दैवी साखळी' होती. कर्ता कुठेही नव्हता. जो दोष मी जपानीला देत फिरलो, तो मी इंग्रजीचा पगार खाऊन सात पानं भरून केला होता.

समितीवर पाच जण. दोघं घड्याळ बघत होते, एक डुलकी काढत होता. अध्यक्ष बाई मात्र जाग्या होत्या. म्हाताऱ्याचं पत्र आणि तुझं भाषांतर मी त्यांच्यासमोर ठेवलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हवापाण्याचं होतं ना हे?" ते कुजबुजले. मी म्हटलं, "अर्धं पान आहे."

बाईंनी दोन्ही पानं वाचली, घाई न करता. मग मला विचारलं, "इंजिनिअर गप्प होते. तुमची बहीण गप्प होती. मग इंग्रजी ऐकणाऱ्यांच्या कानात 'हरकत नाही' हे कुठून गेलं?"

माझ्यासमोर सात पानं होती. मी त्यांतल्या एकाही पानाकडे पाहिलं नाही. तोंड उघडलं, शब्द आला नाही. मी, ज्याला तू लहानपणापासून भोंगा म्हणतेस, मला शब्द आला नाही. मी ते वाक्य लावत होतो. मला दोनच शब्द हवे होते आणि ते पुढे यायला तयार नव्हते.

कोणीतरी खाकरलं. आणि माझे साहेब, माझ्या प्रत्येक वाक्याला हसणारे साहेब, माझ्या मदतीला धावले. "त्यांचं म्हणणं असं आहे की, त्यांनी जे ऐकलं तेच—"

धाकटे, त्या क्षणी मी त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसलो होतो. माझ्या तोंडातलं वाक्य अजून माझ्या तोंडात होतं, आणि दुसऱ्या माणसाने माझ्या वतीने भलतंच वाक्य टेबलावर मांडलं होतं. लेखनिकाचं पेन चालूही झालं होतं.

"थांबा साहेब," मी म्हटलं. "माझं बोलणं संपलेलं नाही."

पेन थांबलं. डुलकी काढणारा जागा झाला.

"ते वाक्य माझं होतं," मी म्हटलं. "मी काहीच ऐकलं नव्हतं. मला शांतता सहन झाली नाही, म्हणून मी ती भरली. मालकांनी आभार मानले तेव्हा बहिणीने काचेतून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सुटलंय हे तिला कळलं होतं. मी हाताने 'चल पुढे' म्हटलं. तिने भावाच्या हातावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. चौकशीत मी खोटं बोललो."

सात-आठ वाक्यं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड भाषण. टाळ्या नाहीत.

इंग्रजीची केबिन उद्यापासून माझी नाही. कंपनीच्या टिपणातली नोंद पुन्हा तपासली जाईल, माझ्यावर वेगळी चौकशी बसेल. बसू दे. साहेब जिन्यात म्हणाले, "कशाला बोललात हो? वेळ निभावून नेली असती मी." आजवर त्या माणसाला मी तुच्छ का मानत होतो, ते मला जिन्यातच समजलं. आरशात दिसावं तसा मी त्याच्यात दिसत होतो.

तिथून कारखान्याच्या फाटकावर गेलो. त्यांनी माझं नाव लिहिलं. मी शेवटच्या अक्षरापर्यंत उभा राहिलो. मग सांगितलं, "तो माणूस मीच." त्या काही बोलल्या नाहीत. दोन ट्रक आले, गेले. मी मोजलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "जायची वेळ लिहू?" मी हो म्हटलं. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. "मला माहीत होतं," म्हणाली. "तू तिच्याबद्दल 'मजेत आहे' म्हणायचास ना, तेव्हाच." या घरात मी एकटाच बोलतो आणि बाकी सगळ्यांना सगळं माहीत असतं.

आता शेवटचं. समिती उठताना अध्यक्ष बाईंनी मला थांबवलं. "बंदी आजपासून उठली," त्या म्हणाल्या. "पण तुमची बहीण परत येईल का?"

'येईलच की' हे शब्द माझ्या जिभेवर तयार उभे होते, हसतमुख, कपडे करून. बाई वाट बघत होत्या. दोन्ही घड्याळवाले वाट बघत होते.

मी एक कागद मागून घेतला, त्यावर तुझा पत्ता लिहिला आणि म्हटलं, "तिलाच विचारा."

भोंगा